आधी आम्हाला विचारा, मग प्रशिक्षण ठरवा

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मला आज ‘पुढच्या वर्षीची कौशल्य प्रशिक्षणं’ या विषयावर बोलायला सांगितलंय. कुठलं प्रशिक्षण, किती दिवसांचं, किती जणींसाठी, त्याची यादी तुमच्या ग्रामसंघाला मिळणारच आहे. ती मी वाचून दाखवत नाही. त्याऐवजी मी माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय पुढची यादी पक्की करणं मला बरोबर वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी कॉलेज संपवून नुकतीच इथे रुजू झाले होते. पहिलं मोठं काम मिळालं ते शिवणवर्गाचं. 25 जणींची नावं आली. 30 दिवसांचा वर्ग. मशिनी आल्या, फळा आला, सगळ्यांना वही-पेन दिलं. तालुक्याहून शिकवायला बाई आल्या. उद्घाटनाला नारळ फोडला, फोटो काढले. मी खूश.

सहाव्या दिवसापर्यंत पाच-सहा जणी कमी झाल्या. पंधराव्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. शेवटी प्रमाणपत्र घ्यायला दहा जणी उरल्या. अहवालात एक रकाना असतो, ‘प्रशिक्षण सोडल्याचे कारण’. मी पहिल्या नावापुढे लिहिलं, ‘रस नाही’. आणि खालच्या चौदा नावांपुढे नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा करत गेले. पाच मिनिटांत रकाना भरला.

त्या पंधरा जणींत एक मावशी होत्या. पन्नाशीच्या. सहा दिवस आल्या, सातव्या दिवशी आल्या नाहीत. मी घरी गेले तर म्हणाल्या, “पोरी, आता ह्या वयात माझं डोकं चालत नाही. तू दुसरी कुणी बघ.” मला ते खरं वाटलं.

पुढे महिन्याभराने गटाच्या कामाला त्यांच्या गल्लीत गेले होते. मावशी ओसरीवर गोधडी शिवत बसल्या होत्या. खडूची रेघ नाही, माप नाही, तरी धावदोरा असा एकसारखा की बघत राहावं. दोरा संपला. मावशींनी नातीला हाक मारली, “ए बाय, सुई ओवून दे गं.” नात आली, सुई ओवली, परत खेळायला पळाली. मावशी पुन्हा शिवायला लागल्या.

मी तिथेच उभी राहिले. सहा दिवस ही बाई मशिनीपुढे बसली होती आणि तिला सुईचं भोक दिसत नव्हतं. चोवीस जणींसमोर ते सांगायची लाज वाटली, म्हणून ती म्हणाली डोकं चालत नाही. डोकं चांगलं चालत होतं, ताई. डोळ्यांना जवळचं दिसत नव्हतं. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला नावच ‘चाळिशी’ आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते नाव पडलं. आणि मी चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी सुई-दोऱ्याचा वर्ग लावला, पण एकीलाही विचारलं नाही की तुम्हाला जवळचं नीट दिसतं का.

मग मी त्या पंधराही जणींच्या घरी गेले. दोन महिने लागले. कुणाचं काय निघालं ते सांगते.

सहा जणींनी वर्ग सोडला कारण सोयाबीनची काढणी सुरू झाली होती. वर्ग मी ऑक्टोबरमध्ये ठेवला होता. शिकवणाऱ्या बाईंना ती तारीख सोयीची होती, मलाही होती. एक ताई म्हणाली, “वर्ग फुकट होता म्हणता. माझा तर रोज बुडत होता.” तिघींचं लेकरू लहान होतं आणि अकरा ते चार सांभाळायला कुणी नव्हतं. दोघींकडे मशीन नव्हती, घेण्यासारखे पैसेही नव्हते. त्या म्हणाल्या, शिकून करायचं काय? एकीच्या सासूबाई अंथरुणावर होत्या. दोघी फळ्याला घाबरल्या. त्यातल्या एकीला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “किती शिकलात?” ती म्हणाली, “दुसरी.” मागून कुणीतरी हसलं. ती मला म्हणाली, “त्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही.” आणि पंधराव्या आपल्या मावशी.

रस नाही असं एकीनेही सांगितलं नाही.

मी समाजकार्याच्या कॉलेजात प्रौढांच्या शिक्षणाबद्दल शिकले होते. माल्कम नोल्स नावाचे अमेरिकेतले अभ्यासक होते, त्यांचं म्हणणं परीक्षेत लिहिलंही होतं. मोठं माणूस लहान मुलासारखं शिकत नाही. कशासाठी शिकायचं हे त्याला आधी कळावं लागतं. त्याच्याजवळ आयुष्याचा अनुभव असतो, त्याला धरून शिकवावं लागतं. आणि उद्याच्या कामाला उपयोगी पडेल ते त्याच्या लवकर पचनी पडतं. परीक्षेत मला मार्क चांगले मिळाले. वर्ग लावायच्या वेळी मात्र मी शाळाच उभी केली. फळा, वही, घंटा. ज्या शाळेतून तुमच्यातल्या कितीतरी जणींना लहानपणी काढलं होतं, तीच शाळा पुन्हा तुमच्यापुढे आणून ठेवली.

आता त्यातून मी काय शिकले ते सांगते. चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, तुम्हाला पुष्कळ काही आधीच येतं. नाव फक्त वेगळं असतं.

ब्लाऊज कापताना छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यावा लागतो. फळ्यावर लिहिलं होतं, 36 भागिले 4. त्या ताईला घाम फुटला. आता तीच ताई गटात 3500 रुपयांचं महिन्याचं व्याज दोन रुपये शेकड्याने तोंडी सांगते. 70 रुपये. वहीला हात लावत नाही. म्हणजे हिशोब येतो. ‘भागिले’ म्हटलं की शाळा आठवते आणि हात थांबतात.

दुसऱ्या वर्गात आम्ही फळा काढून टाकला. सुतळी घ्यायची, छातीभोवती फिरवायची, जिथे टेकली तिथे गाठ मारायची. सुतळी एकदा दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव. झाला चौथा भाग. मग ती दुमडलेली सुतळी टेपवर ठेवून बघायची. नऊ इंच. मग वर शिलाईचा दाब सोडायचा. आधी हाताला कळलं, आकडा नंतर आला.

तसंच ब्लाऊजचं. प्रत्येकीने आपल्याला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणला, उसवला आणि सतरंजीवर पसरला. पाठ, पुढचे दोन भाग, बाही, पट्टी. मुंढा का गोल, टक्स कुठे पडतात, हे सगळं डोळ्यांपुढे. पुस्तकातल्या चित्रावरून आठ दिवसांत जे कळलं नव्हतं ते एका दुपारी कळलं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. चेतना सिन्हा यांच्याबरोबर माणच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अर्ज करणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका होत्या. त्या लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तिथे अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा आणि तुमच्या माणसांना यंत्रावर काढू द्या, बघू कुणाचं आधी होतं. 1997 मध्ये माण देशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशोब त्यांना आधीच येत होता. आणि अक्षर त्या शिकल्या कारण आता त्याची गरज होती. मोठं माणूस असंच शिकतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या वेळेला किंमत आहे.

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची का? दिवसा माणसं कामावर होती म्हणून. इतकी साधी गोष्ट. आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आणि काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला वर्ग लावतो.

सरकारलाही हे आता थोडं पटायला लागलंय. हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. शिंप्याचं काम त्यात आहे. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये विद्यावेतन ठेवलंय. म्हणजे शिकायला बसलेल्या माणसाचा रोज बुडतो हे मान्य केलंय. प्रत्येक प्रशिक्षणात असा पैसा देणं आपल्या संघाला जमणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण वेळ तरी आपण नीट ठरवू शकतो.

दुसरा वर्ग आम्ही संक्रांतीनंतर आणि हरभरा काढणीच्या आधी घेतला. वेळ तुम्हीच ठरवली, दुपारी एक ते साडेतीन. सकाळचं काम उरकलेलं, शाळा सुटायच्या आत घरी परत. दिवस वाढले, पण रोजचा वेळ कमी झाला. आठवड्यातला एक दिवस आम्ही ‘राहिलेल्यांचा दिवस’ ठेवला. जिचा खाडा झाला तिने त्या दिवशी मागचं भरून काढायचं. पहिल्या वर्गात दोन दिवस चुकले की बाई मागे पडायची, आणि मागे पडली की लाजेने यायचीच नाही.

तिसरी गोष्ट, लाज. हिच्याबद्दल कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं.

लहान मूल चुकलं तर हसून पुढे जातं. चार लेकरांची आई सगळ्यांसमोर चुकली की तिला ते रात्रभर टोचतं. म्हणून दुसऱ्या वर्गात ‘किती शिकलात’ हा प्रश्न बंद. पहिल्या दिवशी प्रत्येकीने स्वतः शिवलेलं काहीतरी आणायचं. कुणी गोधडी आणली, कुणी कुंची, कुणी बाजाराची पिशवी. एक काकू ठिगळ लावलेली धन्याची पँट घेऊन आल्या. सगळे हसले, पण ते ठिगळ इतकं सफाईदार होतं की शिकवणाऱ्या बाईंनी हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. काकू दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

कापायला सुरुवात वर्तमानपत्रावर केली, मग जुन्या साडीवर. चुकलं तरी नुकसान नाही. टेपवरचे आकडे न वाचता येणाऱ्यांसाठी दर पाच इंचांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नाही. राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका, त्यात आज्याही, सौर दिव्यांची जोडणी शिकल्या. वेगवेगळ्या देशांतून आल्या होत्या, एकमेकींची भाषाही येत नव्हती. रंगांच्या खुणा, हातवारे आणि स्वतःच्या हाताने करून बघणं, यावर शिकल्या. अक्षर नाही म्हणून काम येणार नाही असं नसतं.

आणि पहिल्याच दिवशी आम्ही सुई ओवून बघायला लावली. परीक्षा म्हणून नाही, सगळ्यांनीच ओवायची, मीपण. जिला दिसलं नाही तिने चष्म्याचं बघायचं, एवढंच. सात जणींना चाळिशी लागली. सात, ताई! ज्यांना आपण ‘मंद’ म्हटलं असतं त्या सात जणी.

चौथी गोष्ट, शिकून काय?

पहिल्या वर्गात पंधरा दिवस नुसत्या सरळ टिपा मारल्या. रेघोट्यांसारख्या. दुसऱ्या वर्गात तिसऱ्या दिवशी प्रत्येकीची एक कापडी पिशवी तयार होती. तीच घेऊन त्या बाजाराला गेल्या. आपण शिवलेलं आपल्या हातात दिसलं की घरातलं माणूसही दुसऱ्या दिवशी ‘जा’ म्हणतं. वर्गाच्या आधी दोन ताया गावात फिरल्या आणि विचारून आल्या, तुम्ही तालुक्याला काय शिवायला टाकता? ब्लाऊज, फॉल-पिको, मुलींचे फ्रॉक, चेन बसवणं. तेवढंच आम्ही शिकवलं. आणि मशीन कुठून येणार, गटाचं कर्ज किती, हप्ता किती, हे शेवटच्या दिवशी न सांगता पहिल्या आठवड्यात बोललो.

दुसऱ्या वर्गात 20 जणी होत्या, शेवटपर्यंत 16 टिकल्या. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. चौघी गेल्याच. त्यातल्या एकीच्या घरून तिला येऊच दिलं नाही. तिथे सुतळी आणि नेलपॉलिश उपयोगी पडत नाही. तिथे गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून तिच्या घरी जावं लागतं, आणि आम्ही गेलो तेव्हा उशीर झाला होता. टिकलेल्या सोळा जणींपैकीही सगळ्यांना अजून काम नाही. पण ज्या शिकल्या त्यांना आज कात्री हातात धरायची भीती नाही.

आणि मावशी? त्या आल्या, चाळिशी लावून. आठवड्याने म्हणाल्या, “मला ब्लाऊज नाही शिवायचा. मला गोधडीचे तुकडे मशिनीवर जोडायचेत, म्हणजे वेळ वाचंल. वरचा धावदोरा मी हातानंच घालणार.” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे अभ्यासक्रमात नाही. मी म्हटलं, दोन दिवस बाजूला काढा. मोठ्या माणसाला आपल्याला काय हवंय ते बहुतेक वेळा माहीत असतं. विचारायचं काम आपलं असतं.

म्हणून आता माझी तुम्हाला विनंती आहे. पुढच्या महिन्यात ग्रामसंघात प्रशिक्षणाची मागणी लिहायची आहे. नुसती नावं देऊ नका. आधी गटात बसून हे प्रश्न विचारा:

1. हे शिकून आपल्या गावात, बाजारात काम मिळेल का? कुणी जाऊन विचारलंय का?

2. वर्ग कुठल्या महिन्यात, किती ते किती? पेरणी, खुरपणी, काढणी, वेचणी त्यात येते का?

3. लहान लेकरं कोण सांभाळणार? गटातली एखादी बाई पाळीने बसेल का?

4. यातलं आपल्याला आधीच काय येतं? वर्ग तिथून पुढे सुरू होईल का?

5. डोळे, पाठ, गुडघे यांचा त्रास कुणाला आहे? बसायची सोय तशी करता येईल का?

6. शिकल्यावर साधन कुठून येणार? मशीन, कर्ज, कच्चा माल?

7. वर्ग संपल्यावर अडलं तर कुणाला विचारायचं?

हेच प्रश्न बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षण संस्थेलाही विचारा. उदाहरणार्थ, बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांना आपण आरसेटी म्हणतो. तिथे शिकणं, राहणं, जेवण मोफत असतं. पण तीस दिवस घर सोडून राहणं तुमच्यातल्या बऱ्याच जणींना जमत नाही, आणि मग आपण म्हणतो, जाऊ द्या, ते आपल्यासाठी नाही. तसं म्हणू नका. गावाच्या जवळ पुरेशा बायका एकत्र आल्या तर या संस्था बाहेर येऊनही वर्ग घेतात. ग्रामसंघाच्या ठरावासह अर्ज करा, मी बरोबर येते. विचारणं म्हणजे उपकार मागणं नाही. प्रशिक्षण तुमच्यासाठी आहे, तर ते तुम्हाला जमेल असं असलं पाहिजे.

आणखी एक काम. तुमच्या गटात अशी एखादी ताई असेल जिने कधीतरी प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलं. ती आजही म्हणत असेल, माझं डोकं चालत नाही. पुढच्या बैठकीत तिच्याजवळ बसा आणि खरं कारण विचारा. सगळ्यांसमोर नको, बाजूला. ते मला सांगा. आपल्या अहवालातला तो रकाना मी बदलून घेतलाय. आता तिथे लिहिलंय, ‘सोडल्याचे कारण, ताईंच्या शब्दांत’. खुणा करून भरायचा नाही, प्रत्येकीचं वेगळं लिहायचं.

त्या जुन्या अहवालात मात्र पंधरा जणींच्या नावापुढे ‘रस नाही’ तसंच आहे. तो कागद वर गेला, तो आता बदलता येत नाही. म्हणून आज तुमच्या सगळ्यांसमोर सांगितलं. त्या पंधरातल्या काही जणी इथे बसल्या आहेत. तुमची मी माफी मागते.